रोलप्ले महिन्याभरात थंड पडतो: दोष कुठे शोधायचा आणि कसा काढायचा

लक्षण ओळखीचं आहे. डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवर चार-पाच जण एकेक पात्र घेऊन, आळीपाळीने पोस्टी टाकत मिळून एक कथा लिहायला घेतात. पहिल्या आठवड्यात पोस्टींचा पाऊस पडतो, पात्रांची चित्रं होतात, नकाशे निघतात. मग दोन पोस्टींमधलं अंतर वाढत जातं आणि एक दिवस कोणाच्या तरी पोस्टीखाली पुढचं कोणी लिहीतच नाही. कारण विचारलं की परीक्षा, ऑफिस, सणवार अशी उत्तरं येतात. ती खोटी नसतात, पण त्याच माणसांना त्याच सर्व्हरवर गप्पा मारायला वेळ मिळत असतो. बहुतेक वेळा कथा वेळेअभावी थांबत नाही. शेवटच्या काही पोस्टींमध्ये कोणाला तरी लिहायला जागाच उरलेली नसते, म्हणून ती थांबते.

तेव्हा तपासणी तिथूनच सुरू करा. जिथे कथा थांबली तिथून मागे दहा पोस्टी वाचा आणि प्रत्येकीला दोन प्रश्न विचारा. या पोस्टीत लेखकाने दुसऱ्याच्या पात्राचं काही परस्पर ठरवून टाकलं आहे का? आणि ही वाचून झाल्यावर पुढच्याला करण्यासारखं नेमकं काय उरतं? पुढे सांगितलेले बरेचसे दोष या दोन प्रश्नांतच सापडतात.

उदाहरणासाठी एकच प्रसंग धरू. काळ सातवाहनांचा, जागा कोकणातून जुन्नरकडे चढणारा नाणेघाट. खिंडीजवळ तो दगडी रांजण आहे, ज्यात जकातीची नाणी टाकत असं मानलं जातं. धनदत्त व्यापारी, सामक पहारेकरी, रेवा तांड्याची वाटाडी. तीन पात्रं, तीन लेखक.

दुसऱ्याचं पात्र हाकणं

रोलप्लेत याला गॉडमॉडिंग म्हणतात आणि सगळ्यात जास्त कथा यानेच मरतात. धनदत्तच्या लेखकाची ही पोस्ट बघा:

"धनदत्तने सामकच्या हातातला भाला हिसकावला. सामक घाबरून मागे सरकला आणि त्याने मुकाट्याने वाट सोडली."

दोनच वाक्यं आहेत, पण सामकच्या लेखकाच्या हातातले तीन निर्णय गेले: भाला सुटला की नाही, सामक घाबरला की नाही, वाट सोडली की नाही. आता त्याच्यापुढे दोनच मार्ग उरतात. झालं ते मान्य करून आपलं पात्र बुळचट करून घ्यायचं, किंवा "पण सामकने भाला परत खेचला" असं लिहून हमरीतुमरी सुरू करायची. तिसरा मार्ग म्हणजे न लिहिणं, आणि लोक तोच निवडतात.

हे मुद्दाम करणारे थोडे असतात. बहुतेकांच्या हातून ते भूतकाळी क्रियापदामुळे घडतं. "हिसकावला", "पाडलं", "वार लागला" असं लिहिलं की घटना तिथेच संपते. उपाय म्हणून काही जण प्रत्येक वाक्याला "प्रयत्न केला" जोडतात, त्याने पोस्ट अगदीच मिळमिळीत होते. त्यापेक्षा अर्ध्यावर थांबणारी क्रियापदं वापरा: उगारणं, रोखणं, झेपावणं, हात घालणं, नेम धरणं, वाट अडवणं. दुरुस्त केलेली पोस्ट अशी होईल:

"धनदत्तने भाल्याच्या दांड्याला हात घातला आणि जोर लावला. 'जकात कालच भरली आहे. रांजणात बघ, मग माझ्याशी बोल.' मागे बैल खोळंबले होते. पहिल्याच्या पाठीवरचं ओझं एका बाजूला कललं होतं."

धनदत्त तितकाच आक्रमक आहे. पण आता भाला घट्ट धरायचा की सोडायचा, रांजणात बघायचं की धनदत्तला खोटा ठरवायचं, की कललेलं ओझं बघून वेगळाच संशय घ्यायचा, हे सगळं सामकच्या लेखकाच्या हातात आहे. पोस्ट करण्याआधी एक साधी चाचणी करा: ज्या वाक्याचा कर्ता तुमचं पात्र नाही अशी वाक्यं शोधा. कर्ता बैल, पाऊस, दार, अंधार असेल तर चालेल. कर्ता दुसऱ्या खेळाडूचं पात्र असेल तर ते वाक्य काढा, नाहीतर त्या लेखकाला आधी विचारा.

दोन अपवाद आहेत. आधी ओओसीत, म्हणजे पात्राबाहेरच्या चॅनलवर बोलून ठरलं असेल तर एकमेकांची पात्रं हलवायला हरकत नाही. मारामारीचे लांब प्रसंग असेच सुटसुटीत होतात. आणि "तिघं ओढ्यापर्यंत चालत गेले" अशा किरकोळ हालचालींसाठी दर वेळी परवानगी मागत बसू नये. त्याने कथा रांगायला लागते.

याच दोषाची उलटी बाजू म्हणजे कधीच जखम न होणारं पात्र. समोरचा वार उगारतो, हे चुकवतं. तो सापळा लावतो, याला आधीच कळलेलं असतं. इथे कोणी दुसऱ्याचं पात्र हाकत नाही, पण समोरच्याची प्रत्येक पोस्ट वाया जाते. साधा नियम ठेवा: आपल्यावर आलेल्या तीन चालींपैकी निदान एक लागू द्यायची, आणि ती लागल्याचा परिणाम पुढच्या दोन पोस्टी तरी दिसला पाहिजे. खांद्याला जखम झालेला माणूस पुढच्याच पोस्टीत दोर चढून जात असेल तर ती जखम झालीच नाही.

यावर एकमत होत नसेल तर फासे वापरा. वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक आकड्याची शक्यता सारखीच, ५ टक्के असते, त्यामुळे निकाल फार उड्या मारतात. कथालेखनाला सहा बाजूंचे दोन फासे बरे पडतात. बेरीज ६ किंवा कमी आली तर चाल फसली, ७ ते ९ आली तर जमली पण काहीतरी किंमत मोजून, १० किंवा जास्त आली तर पूर्ण जमली. ३६ शक्यतांपैकी पहिल्या दोन गटांत प्रत्येकी १५ आणि तिसऱ्यात ६ येतात. म्हणजे "जमलं, पण" हा निकाल भरपूर वेळा मिळतो आणि कथा त्यावरच पुढे सरकते. फासे टाकणारे बॉट डिस्कॉर्डवर सहज मिळतात. टाकण्याआधी मात्र फसलं तर काय होईल हे एका ओळीत लिहून ठेवा, नाहीतर निकाल आल्यावर वाद होतो.

पोस्ट छान आहे, पण तिला धरायला टोक नाही

हा दोष लवकर ओळखू येत नाही, कारण लेखन चांगलं असतं. रेवाची पोस्ट घ्या: "रेवाने दोघांकडे पाहिलं. काहीतरी चुकतंय असं तिला वाटत होतं. लहानपणी वडिलांबरोबर ती याच वाटेने गेली होती, तेव्हाही असंच धुकं होतं. पण ती काही बोलली नाही."

वाचायला बरं आहे. पण धनदत्त आणि सामक यांच्या लेखकांना यातून काय मिळालं? तिचं वाटणं त्यांना दिसत नाही, आठवण ऐकू येत नाही, आणि ती बोललीही नाही. गाण्याच्या भेंड्यांमध्ये आपलं गाणं ज्या अक्षरावर संपतं ते समोरच्याला द्यावंच लागतं. इथे तसं शेवटचं अक्षर दिलेलंच नाही. अशा दोन पोस्टी लागोपाठ आल्या की प्रसंग जागच्या जागी बसतो.

पोस्टीच्या शेवटच्या दोन वाक्यांत यांपैकी एक तरी ठेवा: नाव घेऊन विचारलेला प्रश्न, कोणीही उचलू शकेल अशी वस्तू, ज्याची काहीतरी किंमत आहे अशी निवड, किंवा वेळेचा ताण. रेवाची पोस्ट अशी करता येईल:

"रेवा रांजणाशी गेली, आत हात घालून तिने दोन नाणी काढली आणि उजेडात धरली. 'ही इथली नाहीत,' ती म्हणाली. 'सामक, काल पहाऱ्यावर कोण होतं?'"

इथे रेवाच्या लेखकाने नवी गोष्ट कथेत आणली, आणि ती धनदत्तच्या बोलण्याला भिडते. मग हे गॉडमॉडिंग नाही का? नाही. नाणी परकी आहेत एवढंच तिने सांगितलं. धनदत्त खोटं बोलतोय असं ठरवलं नाही. परक्या नाण्यांचं कारण धनदत्तचा लेखक देऊ शकतो, सामकचाही देऊ शकतो. जगात वस्तू आणायच्या, पण त्यांचा अर्थ दुसऱ्याच्या पात्रावर लादायचा नाही, हे एवढं जमलं की टोक नसण्याची तक्रार बरीच मिटते.

याचाच एक जुळा दोष आहे: समोरच्याची पोस्ट आपल्या शब्दांत परत सांगणं. धनदत्तने भाल्याला हात घातला, मग सामकची पोस्ट तीन परिच्छेद त्या हात घालण्याबद्दलच लिहिते आणि शेवटच्या ओळीत सामक भाला घट्ट धरतो. नवीन घडलं फक्त शेवटच्या ओळीत. आधी घडलेल्याला जास्तीत जास्त दोन वाक्यं द्या. चॅटबॉटकडून लिहून आणलेल्या पोस्टींमध्ये हा दोष हमखास दिसतो: समोरच्याचं सगळं सुरेख शब्दांत परत येतं, वातावरण दाटतं आणि पात्र काहीच करत नाही. कोणी कशाची मदत घेतो हे सुरुवातीलाच उघडपणे ठरवावं. समोर माणूस लिहितोय असं समजून तासभर खर्च करणाऱ्याची ती फसवणूक होते.

लांबी

डिस्कॉर्डवर साध्या खात्याला एका संदेशात २००० अक्षरांची मर्यादा आहे. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलंत हे सगळं वेगळं मोजलं जातं, त्यामुळे मराठीत ती मर्यादा साधारण ३०० शब्दांतच संपते. लांब पोस्ट लिहायची तर आधी दुसरीकडे लिहून दोन भागांत टाका आणि पहिल्या भागाच्या शेवटी "पुढे चालू" लिहा, नाहीतर मध्येच कोणी उत्तर देतो.

पण अडचण मर्यादेमुळे येत नाही, ती तफावतीमुळे येते. एक जण ३०० शब्द लिहितो आणि दुसरा "सामक हसला. 'बरं.'" एवढंच. पहिल्याला वाटतं आपली किंमत नाही, दुसऱ्याला वाटतं आपल्याला एवढं जमणार नाही. समोरच्याच्या पोस्टीच्या निम्मी ते दीडपट या पट्ट्यात राहा. नव्या जागी प्रवेश असेल तर १५० ते २५० शब्द शोभतात. समोरासमोरच्या बोलाचालीत ४० ते ८० पुरतात.

लांब पोस्टींचा खरा त्रास संवादांत होतो. एकाच पोस्टीत धनदत्त पाच प्रश्न विचारतो आणि मध्ये उत्तरांची वाटही बघत नाही. सामकचा लेखक पाचही उत्तरं देतो, वर आपले तीन प्रश्न घालतो. आता आठ संभाषणं एकाच वेळी चालू आहेत आणि कोण कशाला उत्तर देतंय हे लेखकांनाच कळत नाही. एका पोस्टीत एक प्रश्न आणि फार तर दोन कृती. उत्तर लागणारं वाक्य बोलून झालं की तिथेच थांबा.

पात्राला माहीत नसलेलं लेखकाला माहीत असतं

सगळी चॅनलं सगळ्यांना वाचता येतात, त्यामुळे मेटागेमिंग, म्हणजे फक्त लेखकाने वाचलेलं पात्राने वापरणं, आपोआप होतं. धनदत्तच्या लेखकाने लिहिलं, "धनदत्तच्या मनात आलं, हा पहारेकरी विकला गेलेला दिसतो." लगेच पुढच्या पोस्टीत सामक ओरडतो, "मी विकला गेलेलो नाही!" कोणी काही बोललेलं नसताना.

इथे सामकच्या लेखकाला दोष देण्याआधी पहिली पोस्ट बघा. मनातलं लिहिलं की समोरच्याला त्यावर काहीतरी करावंसं वाटणारच, कारण त्याला दुसरं काही दिलेलंच नाही. समोरच्याने पकडावं असं वाटत असेल ते डोळ्यांना किंवा कानांना कळेल असं लिहा: "धनदत्तची नजर सामकच्या कमरेच्या नव्या चामडी पिशवीवर खिळली." आता सामकला प्रतिक्रिया देता येते आणि संशयही राखून ठेवता येतो.

रहस्य असलेल्या कथेत प्रत्येक पात्राच्या माहितीपत्रकात एक रकाना वाढवा: काय माहीत आहे, कोणाकडून कळलं, कुठल्या पोस्टीत. शेवटच्या भागासमोर त्या पोस्टीची लिंक टाका. लिंक सापडली नाही तर ते पात्राला माहीत नाही, वाद संपला. उलट प्रकारही तितकाच घातक असतो. दोन लेखक खासगीत बोलून पुढचं सगळं ठरवतात आणि तिसरा तयार नाटकात उभा केल्यासारखा होतो. खासगीत ठरलेल्याचा निदान एका ओळीचा सारांश ओओसी चॅनलवर टाका. रहस्य फोडू नका, पण "सामक आणि धनदत्त यांच्यात जुनं वैर आहे असं धरून चाललोय" एवढं तरी कळू द्या.

पाळी

केवळ शब्दांवर चालणारी ऑनलाइन जगं १९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठातल्या पहिल्या मडपासून, म्हणजे अनेकांनी एकत्र खेळायच्या मजकुरी खेळापासून सुरू झाली. पुढे १९८९ च्या टायनीमडनंतर लढाईपेक्षा लिहिण्या-बोलण्याला महत्त्व देणारी जगं वाढली आणि पाळीचा प्रश्न तिथेच उभा राहिला. त्या जगांतला एक नियम आजही उपयोगी आहे: आपण लिहिल्यावर दुसऱ्या तिघांनी लिहिल्याशिवाय परत लिहायचं नाही. मोठ्या प्रसंगात यामुळे ठरलेला क्रम पाळावा लागत नाही आणि दोघंच घोडं दामटत नाहीत. तीन जणांच्या प्रसंगात "दुसऱ्या दोघांनी" असं धरा.

मराठी गटांत ही अडचण बऱ्याचदा घड्याळामुळे येते. दोघं पुण्यात आणि एक न्यू जर्सीत असेल तर उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक असतो. पुण्यात रात्री दहा वाजता रंगात आलेला प्रसंग तिथे ऐन कामाच्या दुपारी चालू असतो. तो माणूस संध्याकाळी उघडतो तेव्हा चाळीस पोस्टी झालेल्या असतात आणि त्याचं पात्र खिंडीत पुतळ्यासारखं उभं असतं. चॅनलला स्लोमोड लावा, म्हणजे एकाच माणसाच्या दोन संदेशांमध्ये ठरलेलं अंतर राहतं. तो जास्तीत जास्त सहा तासांचा ठेवता येतो आणि अशा गटाला सहा तासच योग्य. फार उत्साह असेल तर दोघांनी वेगळ्या थ्रेडमध्ये, म्हणजे चॅनलमधून काढलेल्या वेगळ्या धाग्यात, आधीच्या दिवशीचा प्रसंग लिहावा, मुख्य प्रसंग पुढे नेऊ नये.

वाट बघण्यालाही मर्यादा हवी. ४८ तास ठीक आहेत. त्यानंतर पाळी पुढे जाते, पण पात्र गायब होत नाही. प्रत्येक लेखकाने सुरुवातीलाच एक ओळ देऊन ठेवावी: "मी नसेन तेव्हा सामक पहाऱ्यावरच राहील, विचारलं तर उत्तर देईल, स्वतःहून भांडणार नाही." एवढ्या परवानगीवर बाकीचे त्याला सोबत नेऊ शकतात. काही न बोलता निघून जाणाऱ्यांचा त्रास यानेच सगळ्यात कमी होतो. माणूस परत येवो न येवो, कथा अडून बसत नाही.

पात्राचा राग आणि लेखकाचा राग

धनदत्त सामकला शिव्या घालतो आणि दोन दिवसांनी लेखकांमध्ये बोलणं बंद होतं. ओओसी मजकूर दुहेरी कंसात लिहिणं हा पहिला उपाय, वेगळं चॅनल हा त्याहून चांगला. नव्या ओळखीच्या गटात आणखी एक सवय कामी येते: पात्रं एकमेकांना अरे-तुरे करोत, लेखकांनी ओओसीत एकमेकांना "तुम्ही"च म्हणावं. वाचणाऱ्याला क्षणात कळतं की आता कोण बोलतंय.

तक्रार करताना सगळ्यांसमोर "हे गॉडमॉडिंग आहे" असं लिहू नका. खासगीत, त्याच दिवशी, एकाच वाक्याची दुरुस्ती मागा: "भाला सुटला की नाही ते मला ठरवू द्याल का? शेवटचं वाक्य बदललंत तर मी लगेच पुढे लिहितो." डिस्कॉर्डवर पोस्ट संपादित करता येते, बहुतेक जण लगेच करतात. पण त्यावर तीन-चार पोस्टी येऊन गेल्या असतील तर मागे जाऊन बदल मागू नका, बाकीच्यांचं लिहिलेलं कोसळतं. त्या वेळी कथेतच वाट काढा: सामक मुद्दाम मागे सरकला होता, खिंडीच्या वर त्याची माणसं होती.

हिंसा, प्रणय, घरातला छळ असे विषय येणार असतील तर पहिल्या पोस्टीच्या आधी दोन याद्या करा. एकीत कथेत अजिबात येऊ नये असं, दुसरीत उल्लेख चालेल पण वर्णन नको असं. प्रणयाचे प्रौढ प्रसंग फक्त सगळे लेखक १८ च्या वरचे असतील तरच, यात तडजोड नको. शिवाय कोणीही कधीही ओओसीत फक्त "एक्स" टाइप केलं की प्रसंग त्या वळणाच्या मागे जातो, कारण विचारायचं नाही. जॉन स्टाव्रोपूलोस यांनी टेबलावरच्या खेळांसाठी सुचवलेल्या एक्स-कार्डचंच हे ऑनलाइन रूप आहे, आणि कारण विचारायचं नाही हा त्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे.

थांबलेला प्रसंग परत कसा उठवायचा

जुन्या शेवटच्या पोस्टीलाच उत्तर देत बसू नका. ती वाचूनच सगळे थांबले होते. त्याऐवजी एकाने तीन-चार वाक्यांचा दुवा लिहावा: किती वेळ गेला, सगळे कुठे आहेत, आता काय पणाला लागलं आहे. "अंधार पडला. तांडा अजून खिंडीतच आहे. खालून आणखी एका तांड्याच्या घंटा ऐकू येताहेत, आणि त्यांच्याबरोबर मशाली आहेत." मधल्या वेळात कोणाच्या पात्राने काय केलं हे दुव्यात लिहू नका, ते ज्याचं त्याने सांगावं. पहिली पाळी शेवटच्या दहा पोस्टींमध्ये सगळ्यात कमी लिहिलेल्या लेखकाला द्या, आणि पाळी देताना त्याच्या पात्राला नाव घेऊन प्रश्न विचारलेला असू द्या.

दोनदा खासगीत सांगूनही एखादा लेखक इतरांची पात्रं हाकतच असेल तर नियम वाढवून उपयोग होत नाही. दुसऱ्या तांड्याच्या घंटा घाट चढून येईपर्यंत त्याच्या पात्राला बैल घेऊन जुन्नरकडे रवाना करा, तो थ्रेड बंद करा आणि उरलेल्यांनी नवा उघडा.